ग्वाटेमालातील माया परंपरा : स्वरूप, खंड आणि सातत्य

१. संज्ञानिश्चय

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला या देशाच्या विवेचनास आरंभ करण्यापूर्वी 'माया' या संज्ञेचा निश्चय करणे अवश्य आहे. ही संज्ञा तीन भिन्न अर्थांनी योजली जाते. पहिला अर्थ भाषाशास्त्रीय : एका मूळ भाषेपासून उत्पन्न झालेल्या सुमारे तीस भाषांचे कुल आणि त्या भाषांचे समाज. दुसरा पुरातत्त्वीय : इसवी सनाच्या तिसऱ्या ते नवव्या शतकात उत्कर्षास पोहोचलेली, शिलालेख कोरणारी व देवालये उभारणारी नगरराज्यांची संस्कृती. तिसरा राजकीय : किचे, केकची, माम, काक्चिकेल इत्यादी समाजांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाणीवपूर्वक स्वीकारलेली सामायिक ओळख. खेड्यातील मनुष्य पिढ्यान्‌पिढ्या स्वतःस आपल्या गावाचा म्हणवीत आला. 'माया' म्हणवणे त्या मानाने अलीकडचे आहे. प्रस्तुत लेखात ही संज्ञा मुख्यतः पहिल्या अर्थाने घेतली आहे.

दुसरी संज्ञा 'लादिनो'. स्पॅनिश बोलणारा, युरोपीय धाटणीचा वेष व व्यवहार असणारा, बहुधा मिश्र वंशाचा समाज या नावाने ओळखला जातो. ही संज्ञा वंशवाचक कमी आणि आचारवाचक अधिक आहे. २०१८च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ४९ लाख लोकांची नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५६ टक्के लोकांनी स्वतःस लादिनो व सुमारे ४२ टक्के लोकांनी माया म्हणून नोंदविले. शिंका आणि गारिफुना हे दोन लहान समाज या दोहोंहून वेगळे आहेत. देशात २२ माया भाषा बोलल्या जातात.

तिसरी संज्ञा 'वारसा'. या नावाखाली येणाऱ्या सर्व गोष्टी एकजातीय नाहीत. त्यांचे तीन स्तर करता येतात. (अ) शासनस्तर : राजवंश, राजधानी, देवालय, विजयस्तंभ. (आ) विद्यास्तर : लिपी, कालगणना, ग्रंथ व त्यांचे अधिकारी जाणकार. (इ) ग्रामस्तर : भाषा, मक्याची शेती, सामूहिक जमीन व अरण्य, ग्रामदैवताची सेवा, वस्त्र आणि गावाचे स्वतःचे पंच. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे : ग्वाटेमालाच्या इतिहासात माया परंपरेवर चार मोठे आघात झाले, त्यांनी हे स्तर वरून खाली या क्रमाने भंग केले, आणि आधुनिक राज्याने गौरव केला तो पहिल्या स्तराचा, प्रहार केला तो तिसऱ्यावर.

२. भूमी

देशाचे क्षेत्रफळ १,०८,८८९ चौरस किलोमीटर आहे. त्याचे तीन नैसर्गिक विभाग पडतात आणि वरील तीन स्तरांचे भवितव्य या विभागांशी निगडित आहे.

उत्तरेचा पेतेन हा प्रांत देशाचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापतो. येथील भूमी चुनखडकाची असल्याने पावसाचे पाणी पृष्ठभागावर टिकत नाही, ते खडकात मुरते. कोरड्या ऋतूत मोठ्या वस्तीस पाणी पुरवायचे तर जलाशय बांधावे लागतात. जलाशय बांधणे व राखणे यासाठी संघटित श्रम लागतात आणि संघटित श्रमांसाठी आज्ञा देणारी सत्ता लागते. पेतेनातील राज्यांच्या वैभवाचे एक कारण येथे आहे आणि त्यांच्या दुर्बलतेचेही. सत्ता ढळली की पाणी तुटते, पाणी तुटले की नगर ओस पडते.

मध्य व पश्चिमेकडील उच्चभूमी ज्वालामुखीजन्य आहे. ताहुमुल्को हे ४,२२० मीटर उंचीचे शिखर संपूर्ण मध्य अमेरिकेत सर्वोच्च होय. आतित्लान सरोवर हे एका प्राचीन महास्फोटाने निर्माण झालेल्या विवरात साठले आहे. फुएगो, पाकाया व सांतियागितो हे ज्वालामुखी आजही जागृत आहेत. ही भूमी धोक्याची, परंतु सुपीक. येथे डोंगरउतारावरील लहान शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरता येतात. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो, भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल राखतात. या शेताला 'मिल्पा' म्हणतात. मिल्पास राजाची आवश्यकता नाही. एक कुटुंब ती पिकवू शकते आणि एक गाव तिच्या सीमा राखू शकते. माया लोकसंख्या आज प्रामुख्याने उच्चभूमीत का आहे, याचे प्राथमिक उत्तर या भेदात मिळते.

तिसरा विभाग पॅसिफिक महासागराकडील उतार व किनारपट्टी. प्रथम कोको, नंतर कॉफी, ऊस व केळी या निर्यातीच्या पिकांमुळे बाह्य सत्तांची दृष्टी या पट्ट्यावर सतत राहिली. पूर्वेकडील मोताग्वा नदीचे खोरे दोन कारणांनी नमूद करण्याजोगे आहे : प्राचीन काळी येथील हिरवा जेड पाषाण सुवर्णाहून मौल्यवान मानला जाई, आणि याच खोऱ्याखालच्या भ्रंशावर ४ फेब्रुवारी १९७६ रोजी झालेल्या भूकंपात सुमारे २३,००० माणसे मृत्यू पावली.

३. शासनस्तर व त्याचा भंग

इसवी सनापूर्वीच्या अखेरच्या शतकांत पेतेनमधील एल मिरादोर हे नगर भरभराटीस आले होते. तेथील 'ला दान्ता' हा वास्तुसमूह घनफळाच्या दृष्टीने जगातील प्रचंड प्राचीन बांधकामांत गणला जातो. त्यानंतर तिकालचा उदय झाला. तिकाल येथील सर्वांत जुना ज्ञात कालांकित स्तंभ इ. स. २९२चा आणि शेवटचा ८६९चा आहे. म्हणजे सुमारे पावणेसहा शतकांची लेखपरंपरा एका नगरात आढळते. इ. स. ६९५मध्ये तिकालचा राजा हासाव चान काविल याने आजच्या मेक्सिकोतील कालाकमुल या प्रतिस्पर्धी राज्याचा पराभव केला. २०१८मध्ये जाहीर झालेल्या लेसर सर्वेक्षणाने उत्तर पेतेनच्या अरण्याखाली ६०,००० हून अधिक अज्ञात बांधकामे असल्याचे दाखविले. विखुरलेली देवस्थाने आणि भोवती विरळ वस्ती, हे जुने चित्र त्यामुळे त्याज्य ठरले.

पहिला आघात नवव्या शतकातला. त्याच्या कारणांविषयी दीर्घ वाद आहे. अवर्षण, परस्परयुद्धे, अरण्यनाश आणि राजसत्तेवरील श्रद्धेचा क्षय ही कारणे बहुधा एकत्र कार्य करीत होती. येथे कारणांपेक्षा परिणामाचे स्वरूप अधिक महत्त्वाचे आहे. राजवंश नष्ट झाले, राजस्तंभ कोरणे थांबले, नगरे ओस पडली. परंतु लिपी नष्ट झाली नाही, दिनगणना नष्ट झाली नाही, शेतकरीही नष्ट झाला नाही. ज्यास सामान्यतः 'माया संस्कृतीचा अंत' म्हटले जाते तो शासनस्तराचा, तोही मुख्यतः पेतेनसारख्या निम्नभूमीतील शासनस्तराचा, अंत होय. संपूर्ण लोकसमूह गूढ रीतीने लुप्त झाला, ही समजूत अज्ञानमूलक आहे. आणि ती निरुपद्रवीही नाही : जे लोक लुप्त झाले असे एकदा मानले, त्यांच्या हयात वंशजांचा जमिनीवरील हक्क सहज दुर्लक्षिता येतो.

४. विद्यास्तर व त्याचा भंग

माया विद्येचे दोन मुख्य घटक : लिपी आणि कालगणना. लिपी मिश्र स्वरूपाची आहे. काही चिन्हे संपूर्ण शब्द दर्शवितात, काही अक्षरे दर्शवितात. हे तत्त्व युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत विद्वानाने १९५२मध्ये मांडले. हाइनरिख बर्लिन यांनी १९५८मध्ये नगरराज्यांची बोधचिन्हे ओळखली. तात्याना प्रोस्कुर्याकोव्ह यांनी ग्वाटेमालातील पिएद्रास नेग्रास येथील स्तंभांचा अभ्यास करून १९६०मध्ये दाखविले की त्यांवरील तारखा राजांचे जन्म, राज्यारोहण व मृत्यू यांच्या आहेत. तोवर हे लेख केवळ ज्योतिषविषयक मानले जात होते. या तीन पायऱ्यांनी माया राजे इतिहासात प्रविष्ट झाले.

कालगणना तीन पद्धतींची होती. पहिली २६० दिवसांची : १ ते १३ अंक आणि २० दिवसनामे यांचे समांतर आवर्तन. दुसरी ३६५ दिवसांची : २० दिवसांचे १८ महिने व ५ अवशिष्ट दिवस. या दोहोंचा लघुतम साधारण विभाज्य १८,९८० दिवस, म्हणजे ३६५ दिवसांची ५२ वर्षे. तेवढ्या कालाने दोन्ही चक्रे एकत्र आरंभस्थानी येतात. परंतु ५२ वर्षांच्या चक्रात एक घटना कोणत्या आवर्तनातली हे सांगता येत नाही. वंशाचा इतिहास कोरणाऱ्या राजांची ही अडचण तिसऱ्या पद्धतीने दूर होत असे. तिला दीर्घगणना म्हणतात. ती भारतीय ज्योतिषातील अहर्गणाच्या जातीची आहे : एका निश्चित आरंभबिंदूपासून गत दिवसांची अखंड मोजणी. आरंभबिंदू इसवी सनपूर्व ३११४मधील. दिवस, २० दिवस, ३६० दिवस, ७,२०० दिवस व १,४४,००० दिवस अशी पाच स्थाने. तिसरे स्थान वगळता प्रत्येक स्थान पूर्वीच्या वीसपट, तिसरे मात्र अठरापट, जेणेकरून ते वर्षाच्या निकट यावे. रिक्त स्थानासाठी शून्याचे चिन्ह. भारतीय शून्याशी याचा कोणताही संबंध नाही. दोन समाजांनी एक कल्पना स्वतंत्रपणे शोधली.

एक उदाहरण घेऊ. मोताग्वा खोऱ्यातील किरिग्वा येथे सुमारे १०.६ मीटर उंचीचा, एकाच पाषाणातून घडविलेला स्तंभ आहे. त्यावरील तारीख ९, १७, ०, ०, ० अशी वाचली जाते. ९ गुणिले १,४४,००० म्हणजे १२,९६,०००. १७ गुणिले ७,२०० म्हणजे १,२२,४००. बेरीज १४,१८,४०० दिवस. हे इ. स. ७७१ होय. हा स्तंभ उभारणाऱ्या राजानेच ७३८मध्ये बलाढ्य कोपानच्या राजास पकडून त्याचा शिरच्छेद केला होता. किरिग्वा हे लहान नगर होते. त्याचे वैभव त्या विजयानंतरचे.

दुसरा आघात १५२४चा. पेद्रो दे आल्वारादो याच्या नेतृत्वाखाली स्पॅनिश सैन्य, मेक्सिकोतील साहाय्यकांसह, उच्चभूमीत आले. किचे राज्याची राजधानी कुमारकाह जाळण्यात आली. काक्चिकेल प्रथम स्पॅनिशांचे सहायक होते. खंडणीच्या अतिरेकामुळे ते लवकरच उठले. युरोपीय रोगांनी सैन्याच्या आधीच प्रवेश केला होता. पेतेनमधील इत्झा राज्य मात्र आपल्या सरोवरातील बेटावर १६९७पर्यंत स्वतंत्र राहिले, ही गोष्ट बहुतेक संक्षिप्त इतिहासांतून सुटते.

या आघाताने लिपी व तिचे जाणकार नष्ट झाले. उच्चभूमीतील एकही चित्रलिपी ग्रंथ आज उपलब्ध नाही. तथापि किचे सरदारवर्गाने एक उपाय योजला : धर्मोपदेशकांकडून शिकलेल्या रोमन लिपीत आपल्या भाषेतील परंपरा लिहून ठेवणे. सोळाव्या शतकाच्या मध्यास सिद्ध झालेला 'पोपोल वुह' हा सृष्ट्युत्पत्तीचा व वंशेतिहासाचा ग्रंथ याचे सर्वश्रेष्ठ फळ. त्यात मनुष्यदेह मक्यापासून घडविला जातो. अठराव्या शतकाच्या आरंभी चिचिकास्तेनांगो येथे फ्रान्सिस्को शिमेनेस या धर्मगुरूने केलेली प्रत आज शिकागोतील न्यूबेरी ग्रंथालयात आहे. मूळ हस्तलिखित गहाळ आहे. एका धर्मगुरूच्या परिश्रमावर अखिल अमेरिका खंडाच्या वाङ्मयाचे एवढे मोठे धन अवलंबून राहिले.

विद्यास्तराचा एक अंश मात्र खाली उतरून ग्रामस्तरात मिसळला. २६० दिवसांची गणना मोमोस्तेनांगो व इतर गावांतील दिनज्ञांनी, ज्यांना 'आहकीह' म्हणतात, मौखिक परंपरेने आजतागायत चालविली आहे. शिलालेखांच्या तारखा इसवी सनाशी जुळविण्याचे जे समीकरण विद्वानांनी स्वतंत्र प्रमाणांवरून स्वीकारले, त्याच्याशी ही खेड्यातील गणना जुळते. राजे गेले, लिपी गेली, ग्रंथ जळाले. दिवसांची मोजणी चुकली नाही. या विषयातील सर्व वस्तुस्थितींत ही सर्वाधिक विचारार्ह होय.

५. ग्रामस्तराची घडण

येथे एका संभाव्य गैरसमजाचे निरसन अवश्य आहे. ग्रामस्तर अतिप्राचीन व अविकृत आहे, असे मानणे युक्त नव्हे. त्याचे साहित्य प्राचीन आहे. त्याची रचना बरीचशी सोळाव्या शतकातली आहे. करवसुली व धर्मप्रसार सुलभ व्हावा म्हणून स्पॅनिश सत्तेने विखुरलेल्या वस्त्या एकत्र करून 'इंडियन गावे' स्थापिली. प्रत्येक गावास चौक, चर्च, सामूहिक जमीन व स्वतःचे पंचमंडळ दिले. संतांच्या सेवेसाठी 'कोफ्रादिया' नामक मंडळे निर्माण झाली. संताच्या उत्सवाआड पर्वतदेवता व पर्जन्यदेवता यांची पूजा चालू राहिली. सत्तेने जे साधन नियंत्रणासाठी निर्मिले तेच आश्रयस्थान झाले. प्रत्येक गावाची बोली, स्त्रियांच्या 'हुइपिल' या विणलेल्या पोलक्याची नक्षी आणि उत्सवाचा दिवस निराळा झाला. याच संघटनेच्या बळावर जुलै १८२०मध्ये तोतोनिकापान येथे आतानासिओ त्सुल याच्या नेतृत्वाखाली खंडणीविरुद्ध उठाव झाला. १५ सप्टेंबर १८२१च्या स्वातंत्र्यघोषणेहून हा केवळ सव्वा वर्ष आधीचा; परंतु ती घोषणा करणारे लोक वेगळे होते व त्यांचे हेतूही वेगळे होते.

६. तिसरा आघात : जमीन

१८७१मध्ये उदारमतवादी पक्षाने सत्ता घेतली आणि १८७३मध्ये हुस्तो रुफिनो बारिओस राष्ट्राध्यक्ष झाला. कॉफी हे राज्याच्या अर्थव्यवस्थेचे अधिष्ठान ठरले. कॉफीस दोन गोष्टी लागतात : मध्यम उंचीची जमीन आणि तोडणीच्या काळात विपुल मजूर. जमीन मिळविण्यासाठी सामूहिक मालकी व जुने खंडपट्टे मोडून खासगी मालकी लादण्यात आली; मजूर मिळविण्यासाठी १८७७च्या कायद्याने गावांकडून सक्तीने माणसे मागविण्याचा अधिकार मळेवाल्यांच्या सोयीसाठी अमलात आला. पुढे त्याची जागा कर्जबंधनाने व १९३४मध्ये, होर्हे उबिको या हुकूमशहाच्या काळात, भटकेपणाविरुद्धच्या कायद्याने घेतली. त्यानुसार पुरेशी जमीन नसलेल्या मनुष्याने वर्षातील ठराविक दिवस मळ्यात काम केल्याची नोंद जवळ बाळगणे बंधनकारक होते.

या आघाताचा परिणाम विभागशः भिन्न झाला. उंच डोंगरांवर कॉफी येत नसल्याने तेथील गावे टिकली, मात्र तेथील माणसे हंगामी मजूर झाली. आल्ता वेरापासमधील केकची समाजाची जमीन तिच्या उंचीमुळेच गेली. जर्मन मळेवाले तेथे स्थायिक झाले व पूर्वीचे धारक त्याच भूमीवर कुळे म्हणून राहिले. याच प्रांतात विसाव्या शतकात भारतातून वेलदोड्याची लागवड आली. आज ग्वाटेमाला वेलदोड्याच्या निर्यातीत जगात अग्रभागी आहे, हा वेलदोडा मुख्यतः अरब देशांत जातो आणि पिकविणाऱ्या केकची कुटुंबाच्या स्वयंपाकात त्यास जवळपास स्थान नाही.

१९४४च्या क्रांतीने सक्तीचे श्रम संपविले. हाकोबो आर्बेन्झ यांच्या सरकारने १७ जून १९५२ रोजी कृषिसुधारणेचा कायदा केला. मोठ्या जमीनधारकांची पडीक जमीनच घ्यायची, मालकाने करासाठी स्वतः घोषित केलेल्या मूल्याइतकी भरपाई रोख्यांनी द्यायची, अशी त्याची योजना होती. सुमारे १ लाख कुटुंबांस जमीन मिळाली. युनायटेड फ्रूट कंपनीची मोठी पडीक क्षेत्रे या कायद्याखाली आली. जून १९५४मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेने संघटित केलेल्या कारवाईने आर्बेन्झ सरकार पाडले आणि वाटप झालेली बहुतेक जमीन परत घेण्यात आली. यापुढील चार दशकांचा रक्तपात या एका कृतीपासून अपरिहार्यपणे निघाला असे म्हणणे अतिव्याप्त होईल. परंतु कायदेशीर मार्ग बंद झाला तो येथे, हे निर्विवाद आहे.

७. चौथा आघात : गाव

अंतर्गत युद्ध १९६०पासून १९९६पर्यंत चालले. १९६०मध्येच किचे योद्धा तेकुन उमान यास अधिकृतपणे राष्ट्रवीर घोषित करण्यात आले होते. शासनस्तराच्या गौरवाचे व ग्रामस्तरावरील आक्रमणाचे हे सहवर्तित्व प्रस्तुत प्रतिपाद्याचे स्पष्ट प्रमाण होय.

१९८१ ते १९८३ या काळात सैन्याने उच्चभूमीत दग्धभू धोरण अवलंबिले. बंडखोरांस आधार देणारे क्षेत्र म्हणून माया गाव हेच लक्ष्य ठरविले गेले. घरे व मक्याचे साठे जाळले गेले, उरलेल्यांस सैन्यनियंत्रित 'आदर्श ग्रामां'त वसविले, पुरुषांना गस्तीपथकांत सक्तीने घेऊन शेजाऱ्यास शेजाऱ्याविरुद्ध उभे केले. हुइपिलवरून गाव ओळखू येई म्हणून अनेक निर्वासित स्त्रियांनी तो वेष टाकला. संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने नेमलेल्या सत्यशोधन आयोगाने १९९९मध्ये दिलेल्या निष्कर्षांनुसार मृत व बेपत्ता मिळून संख्या २ लाखांहून अधिक. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया. ९३ टक्के कृत्ये राज्याच्या दलांची व त्यांच्याशी संबंधित गटांची. एकूण ६२६ सामूहिक हत्याकांडे राज्यपक्षाच्या नावे. इशिल समाजासह चार प्रदेशांतील माया समूहांविरुद्ध वंशसंहाराची कृत्ये झाली, असा त्या आयोगाचा निर्णय आहे. १० मे २०१३ रोजी माजी लष्करशहा एफ्राइन रिओस मोंत यास वंशसंहाराबद्दल देशातील न्यायालयानेच दोषी ठरविले. दहा दिवसांत घटनात्मक न्यायालयाने तो निकाल रद्द केला. या खटल्यात इशिल स्त्रियांनी आपल्या भाषेत दिलेल्या साक्षी न्यायालयीन अभिलेखात आहेत. निकाल रद्द झाला. साक्षी नष्ट झाल्या नाहीत.

८. वर्तमान स्थिती

आज जे आहे त्याचे दोन भाग करावे लागतात : मान्यता आणि सत्ता. मान्यतेच्या बाबतीत प्रगती झाली. १९९०मध्ये माया भाषांच्या अकादमीस कायदेशीर दर्जा मिळाला, १९९२मध्ये किचे समाजातील रिगोबेर्ता मेंचू यांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, १९९५मध्ये मूलनिवासी समाजांच्या अस्मिता व अधिकारांविषयी करार झाला, २००३मध्ये राष्ट्रीय भाषांचा कायदा आला. सत्तेच्या बाबतीत तसे झाले नाही. करारानुसार देशास बहुजातीय व बहुभाषिक ठरविणाऱ्या घटनादुरुस्त्या १९९९च्या जनमतात नाकारल्या गेल्या; मतदान अत्यल्प होते. पाच वर्षांखालील मुलांपैकी सुमारे ४७ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आहे, आणि माया मुलांत हे प्रमाण याहून अधिक. देशाच्या उत्पन्नाचा सुमारे पाचवा हिस्सा परदेशी, मुख्यतः अमेरिकेत, गेलेल्या माणसांनी पाठविलेला पैसा आहे. त्यांत उच्चभूमीतील तरुण मोठ्या संख्येने आहेत. पूर्वी जे किनाऱ्याच्या मळ्यांवर जात, ते आता उत्तरेस जातात.

तरीही ग्रामस्तर निष्क्रिय नाही. तोतोनिकापानचे '४८ कांतोन' हे ग्रामपंचांचे मंडळ आपल्या सामूहिक अरण्याचे व पाण्याचे रक्षण स्वतः करते. त्याचे पदाधिकारी वर्षभर विनावेतन सेवा देतात. २०२३च्या निवडणुकीत बेर्नार्दो आरेव्हालो विजयी झाल्यावर महाअभियोक्ता कार्यालयाने निकाल निष्प्रभ करण्याचा यत्न केला, तेव्हा ऑक्टोबरमध्ये याच मंडळाने व इतर माया पंचमंडळांनी देशभर रस्ते रोखून मताधिकाराचे रक्षण केले. जानेवारी २०२४मध्ये आरेव्हालो पदारूढ झाले. प्रजासत्ताकाच्या संस्था दुर्बल ठरल्या त्या क्षणी ज्या संस्थेने त्यांस आधार दिला ती प्रजासत्ताकाहून जुनी होती.

तिचे कायद्यातील स्थान मात्र अनिश्चित आहे. १९८५च्या घटनेचे ६७वे कलम मूलनिवासी समाजांच्या सामूहिक जमिनीस संरक्षण देण्याचे वचन देते, आणि ७०वे कलम या विषयाचे नियमन विशेष कायद्याने होईल असे सांगते. तो विशेष कायदा ग्वाटेमालाच्या संसदेने अद्याप केलेला नाही.